‘सर्वांत हलक्या प्रतीचे पोलिश लोक’ : पॉप्युलिझम नक्की कशाला म्हणायचं?

लालबागची

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "लोकांना फुकट पैसे वाटणं म्हणजेच पॉप्युलिझम." खाली भराभर +१ पडले. मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते दोन ओळींत सांगता येईना, म्हणून वेगळा धागा काढते आहे. लांबेल, पण वाचा.

मी २०१४ ते २०२१ पोलंडमधल्या वूच शहरात होते, एका कंपनीच्या हिशेब विभागात. (नकाशात स्पेलिंग बघून आपण लॉड्झ वाचतो, तिथले लोक वूच म्हणतात.) हे कापडगिरण्यांचं शहर. लाल विटांच्या गिरण्या, शेजारी मालकाचा वाडा, पलीकडे कामगारांच्या चाळी. त्यातल्या एका मोठ्या गिरणीच्या आवारात २००६ साली मॉल झाला, मानुफाक्तुरा नावाचा. माझे बाबा लालबागला साचेवाले होते. १९८२च्या संपानंतर ते गिरणीत परत गेलेच नाहीत. त्या मॉलच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत शिरले आणि राहवेना म्हणून घरी फोन लावला. सगळं वर्णन ऐकून बाबांनी एकच विचारलं, "मग कामगार कुठे गेले?"

त्यातल्या एक माझ्या समोरच्या दारात राहत होत्या. त्यांना मी इथे नुसतं आजी म्हणते. सोळाव्या वर्षी त्या सूतकताईत लागल्या. वूचच्या गिरण्यांत बायकाच जास्त होत्या. १९९०-९१ मध्ये सोव्हिएत युनियनचं गिऱ्हाईक तुटलं, बाहेरचा माल आत आला आणि बघता बघता गिरण्यांना टाळी लागली. १ जानेवारी १९९० पासून ज्या आर्थिक सुधारणा झाल्या त्यांना अर्थमंत्री बालत्सेरोविच यांचं नाव आहे. त्या यशस्वी झाल्या असं सांगतात आणि ते खोटं नाही. १९९२ ते २०१९ पोलंडची अर्थव्यवस्था एकाही वर्षी आकसली नाही, २००९च्या मंदीतसुद्धा नाही. पण त्याच देशात २००२-०३ला बेकारी २० टक्क्यांच्या घरात होती. २००४ला युरोपीय संघाचं दार उघडलं तसे लाखो तरुण लंडन-डब्लिनला गेले. आणि आपल्या एसटीसारखी तिथे जी पीकेएस होती, तिच्या खेड्यापाड्यांतल्या फेऱ्या एकेक करून बंद पडल्या. आजींची मुलगी वूचपासून साठेक किलोमीटरवरच्या एका गावात राहते. तिथे बसथांबा आहे. छप्पर आहे, बाकडं आहे, वेळापत्रक लावायची काचेची चौकट आहे. चौकटीत कागद नाही. मी स्वतः पाहिली आहे.

२००७ ते २०१५ ‘नागरी मंच’ या पक्षाचं सरकार होतं, त्यातली पहिली सात वर्षं पंतप्रधान डोनाल्ड टुस्क. रस्ते चांगले झाले, शहरं चकाचक झाली. २०१२ला त्यांनी निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने ६७ करायचं ठरवलं, बायकांचं तर ६० वरून. सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने सार्वमत घ्या म्हणून दहा लाखांहून जास्त सह्या नेऊन दिल्या. संसदेने मागणी फेटाळली. मग २०१४च्या जूनमध्ये टेपा फुटल्या. वॉर्सातल्या महागड्या हॉटेलांत वेटरांनी बड्या लोकांची बोलणी चोरून टेप केली होती. त्यातलं राजकारण लोक विसरले, दोन गोष्टी तेवढ्या राहिल्या. एक, जेवणात मागवलेले छोटे ऑक्टोपस. दुसरी, पुढच्या वर्षी बाहेर आलेलं एका मंत्रीणबाईंचं वाक्य: महिना सहा हजार झ्वोटींवर (झ्वोटी हे तिथलं चलन) काम करणारा एक तर चोर असतो, नाही तर मूर्ख. तेव्हा किमान वेतन सतराशेच्या आसपास होतं. आजींची मुलगी दुकानात गल्ल्यावर बसायची, तेही कंत्राटावर. अशा नोकरीला तिथे बोलीभाषेत ‘कचरा करार’ म्हणतात. आजारपणाची रजा नाही, पुढच्या महिन्याची खात्री नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये यारोस्वाव काचिन्स्की यांचा ‘कायदा आणि न्याय’ पक्ष निवडून आला. पोलिश आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘पीस’ म्हणतात. १ एप्रिल २०१६ पासून ‘पाचशे प्लस’ सुरू झालं: दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकामागे महिन्याला ५०० झ्वोटी, गरीब घरात पहिल्यालाही, आणि २०१९ पासून सगळ्याच मुलांना. निवृत्तीचं वय पुन्हा ६० आणि ६५ झालं.

त्या उन्हाळ्यात आजींनी मला फोनवर एक फोटो दाखवला. त्यांची नात बाल्टिकच्या वाळूत बसलेली, हातात पिवळी बादली. मुलगी आणि नातवंडं आठवडाभर समुद्रावर जाऊन आली होती, आयुष्यात पहिल्यांदा. आजी फोटो मोठा करून करून दाखवत होत्या. त्याच आठवड्यात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर माझे सहकारी तक्रार करत होते, की ‘पाचशे प्लसवाले’ आल्यापासून समुद्रकिनारे बघवत नाहीत. चांगली शिकलेली, मला कायम मदत करणारी माणसं होती ती. मी गप्प बसले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की इथपर्यंत जे झालं त्याला मी पॉप्युलिझम म्हणणार नाही. पंचवीस वर्षं ज्यांना "पैसे नाहीत" असं सांगितलं होतं त्यांना पैसे मिळाले. हे राजकारणाचं रोजचं काम आहे, आणि आधीच्यांनी ते केलं नाही ही त्यांची चूक.

पॉप्युलिझम मला दिसला तो वेगळीकडे. डिसेंबर २०१५ मध्ये, सत्तेवर येऊन महिना झाला नव्हता तेव्हा, काचिन्स्की एका टीव्ही मुलाखतीत बोलले. सरकारविरुद्ध लोक रस्त्यावर उतरायला लागले होते, परदेशात तक्रारी करत होते. ते म्हणाले, पोलंडमध्ये राष्ट्रद्रोहाची एक घातक परंपरा आहे, आणि ती काही लोकांच्या जणू गुणसूत्रांतच असते, सर्वांत हलक्या प्रतीच्या पोलिश लोकांच्या.

हलक्या प्रतीचे. तांदूळ निवडताना म्हणतात तसं.

हा वाद धोरणाचा नाही. "तुमचं चुकतंय" असं ते म्हणत नाहीत. "तुम्ही आमच्यातले नाहीतच" असं म्हणतात. जनता एक आहे, तिची इच्छा एक आहे, ती आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आमच्या विरोधात जो जातो तो जनतेच्या विरोधात जातो. मग विरोधी पक्ष हा विरोधी पक्ष राहत नाही, तो परक्यांचा हस्तक होतो. माझ्या मते पॉप्युलिझमचा गाभा हा आहे. पैसे त्याच्यासोबत असू शकतात, नसूही शकतात.

आता यातला हिशेब बघा. २०१५ला पीसला मतं पडली ३७.६ टक्के. मतदान झालं होतं ५१ टक्क्यांच्या आत. म्हणजे यादीतल्या पाच मतदारांमागे एकाहूनही कमी. डाव्या आघाडीला ७.५ टक्के मिळूनही ती आत येऊ शकली नाही, कारण तिथे आघाडीला ८ टक्क्यांची अट आहे. अशी बरीच मतं वाया गेली आणि ४६० पैकी २३५ जागा पीसला मिळाल्या. नियमाने मिळाल्या, त्यात खोट नाही. पण "आम्हीच जनता" म्हणायला हा आधार फार तोकडा आहे.

आणि जनता म्हणजे आम्हीच असं एकदा ठरलं, की आडवं येणारं न्यायालय लोकविरोधीच ठरतं. पोलंडचं संविधान न्यायाधिकरण पंधरा न्यायाधीशांचं. जाता जाता जुन्या संसदेने पाच जण निवडले. त्यातले दोन तिच्या हक्कात बसत नव्हते, ही टुस्क यांच्या पक्षाची लबाडी होती आणि ती तशीच सांगायला हवी. नव्या संसदेने पाचही निवडी रद्द करून आपले पाच नेमले. राष्ट्राध्यक्ष आंजेय दुदा यांनी त्यातल्या चौघांना ३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर शपथ दिली, आणि त्याच दिवशी न्यायाधिकरणाने सांगितलं की जुन्यांपैकी तिघांची निवड वैध होती. त्या तिघांना शपथ कधीच मिळाली नाही. पुढे ९ मार्च २०१६ला न्यायाधिकरणाने सरकारचा आणखी एक कायदा घटनाबाह्य ठरवला. तिथे असा निकाल राजपत्रात छापल्यावर लागू होतो. पंतप्रधान बेआता शिद्वो यांच्या सरकारने तो छापला नाही. हा निकालच नाही, म्हणाले. ना रणगाडे, ना अटकसत्र. नुसतं छापायचं नाही.

यावर तुम्हाला काय वाटतं? विशेषतः शब्दाबद्दल. पॉप्युलिझमला मराठीत ‘लोकानुनय’ म्हटलं की पैसे वाटपाकडेच लक्ष जातं, असं मला वाटतं.

---

कवडसा

लेख आवडला. पण एक शंका. पैसे देऊन मतं घेतली हे तर खरंच ना? आपल्याकडे लाडकी बहीणवरून जी चर्चा होते तीच तिथे झाली असणार. आणि ती योजना जन्मदर वाढावा म्हणून होती असं वाचल्याचं आठवतं.

---

लालबागची

@कवडसा, हो, जन्मदर हा उघड सांगितलेला हेतू होता, आणि त्या बाबतीत योजना फसली. २०१७ला सुमारे ४ लाख २ हजार मुलं जन्मली, थोडी वाढ दिसली, मग घसरण सुरू झाली ती २०२३ला २ लाख ७२ हजारांपर्यंत. मुलांमधली अतिगरिबी मात्र सुरुवातीला खरंच कमी झाली.

मतं मिळाली का? मिळाली. २०१९ला पीस ४३.६ टक्क्यांवर गेला. पण पुढचं बघा. २०२३च्या निवडणुकीआधी काचिन्स्कींनी पाचशेचे आठशे करू म्हटलं. विरोधात असलेले टुस्क म्हणाले, मग वाट कसली बघता, लगेच करा. सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ पासून आठशे सुरू झाले ते टुस्क यांच्याच राज्यात. जी गोष्ट दोन्ही बाजू करतात तिच्यावरून एकीला वेगळं कसं ओळखणार? आपल्याकडच्या योजनांवर इथे नको, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

---

आडवाटेचा

स्पष्टच लिहितो. ‘पॉप्युलिस्ट’ ही शिवी आहे आणि ती हरलेले लोक जिंकलेल्यांना देतात. तुमचे ऑफिसमधले सहकारी आजींच्या नातीकडे ज्या नजरेने बघत होते त्याच नजरेतून हा शब्द येतो.

या शब्दाचा इतिहासही बघा. १८९२ला अमेरिकेतल्या ओमाहा शहरात पीपल्स पार्टीने जाहीरनामा केला. कापूस आणि गहू पिकवणारे कर्जबाजारी शेतकरी होते ते, रेल्वे कंपन्यांच्या मालवाहतुकीच्या दरांनी पिचलेले. पॉप्युलिस्ट हे नाव ते अभिमानाने लावत. मागण्या काय, तर मिळकत जास्त तसा कर जास्त, सेनेटर थेट लोकांनी निवडावेत, रेल्वे सरकारने चालवावी. तेव्हाच्या शहाण्यांनी त्यांना वेड्यात काढलं. १९१३ला मिळकतकर आणि सेनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या घटनेत आल्या. मग वेडे कोण होते?

न्यायाधीश हे कुणी देव नव्हेत. निवडून न आलेले पंधरा जण निवडून आलेल्या संसदेला अडवतात, यावर प्रश्न विचारायचाच नाही का?

---

लालबागची

@आडवाटेचा, ओमाहाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या शेतकऱ्यांना मी आज ज्या अर्थाने बोलते आहे त्या अर्थाने पॉप्युलिस्ट म्हणणं मला जड जातं. त्यांनी सत्ता मागितली, पण मागण्या घटनेतून, दुरुस्ती करून पूर्ण झाल्या.

न्यायालयावर प्रश्न जरूर विचारावा. आजीच विचारायच्या. जुलै २०१७ला सर्वोच्च न्यायालय आणि (न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या) न्यायमंडळाच्या कायद्यांविरुद्ध शहराशहरांत लोक मेणबत्त्या घेऊन न्यायालयांसमोर जमत होते. वूचमध्येही जमायचे. मी परकी, म्हणून कडेला उभी राहून घरी आले. आजी दारातच होत्या. म्हणाल्या, "गिरणी बंद झाली तेव्हा थकलेल्या पगारासाठी आम्ही अकरा जणी कोर्टात गेलो होतो. निकाल लागेपर्यंत दोघी वारल्या. तेव्हा कुणी आमच्यासाठी मेणबत्ती लावली होती?" मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही येत.

पण आजींची तक्रार निकाल उशिरा लागतो ही होती. सरकारने जे केलं त्याने निकाल लवकर लागायला लागले नाहीत. न्यायाधीश कोण नेमणार, तेवढं बदललं. न्यायमंडळातले पंधरा न्यायाधीश-सदस्य आधी न्यायाधीशच निवडायचे, ते संसदेच्या बहुमताकडे गेले. मग त्या मंडळाने सुचवलेल्या न्यायाधीशांचे निकाल खरे की नाही यावर इतका घोळ झाला, की साध्या घटस्फोटाच्या दाव्यातही वकील आधी न्यायाधीशाची नेमणूक कधीची ते बघायला लागले. आजींची खरी तक्रार घेतली आणि तिचा वापर भलत्याच कामासाठी केला. माझा राग या गोष्टीवर आहे.

काचिन्स्की एक शब्द नेहमी वापरतात, ‘इम्पॉसिबिलिझम’. म्हणजे, हे कायद्यात बसत नाही, ते घटनेत बसत नाही असं म्हणत राज्याला काही करूच द्यायचं नाही. या तक्रारीत तथ्य आहे. पण २०१५ ते २०२० त्यांच्याकडे सरकारातलं कुठलंही पद नव्हतं. ते साधे खासदार आणि पक्षाध्यक्ष, आणि पंतप्रधान कोण होणार हे ते ठरवत. चुकलं तर राजीनामा मागायचा कुणाचा?

---

शाई

दूरचित्रवाणीचा मुद्दा राहिला. मी वृत्तपत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. जानेवारी २०१६ला कायदा बदलून सरकारी टीव्हीपीचे प्रमुख नेमण्याचा अधिकार थेट मंत्र्याकडे आणला. संध्याकाळी साडेसातच्या मुख्य बातम्या आठ वर्षं जवळपास पक्षाचं मुखपत्र होत्या. खेड्यांत अनेकांसाठी बातम्या म्हणजे मुख्यतः त्याच. टुस्क यांच्या जर्मन भाषेतल्या एका वाक्यातले ‘फ्युअर डॉइचलांड’ (जर्मनीसाठी) हे दोनच शब्द तोडून पुन्हा पुन्हा लावायचे, म्हणजे हा माणूस जर्मनीचा.

आणखी एक धागा म्हणजे स्मोलेन्स्क. १० एप्रिल २०१०ला रशियात धुक्यात विमान कोसळून राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की, त्यांच्या पत्नी आणि इतर मिळून ९६ जण गेले. लेख हे यारोस्वाव यांचे जुळे भाऊ. पोलंडच्याच सरकारी चौकशीत धुकं आणि उतरतानाच्या चुका हे कारण निघालं. पण पीसचे नेते घातपात म्हणत राहिले, आणि दर महिन्याच्या १० तारखेला वर्षानुवर्षं वॉर्सात स्मृतियात्रा निघत राहिली. भावाचं दुःख खरं असणार, त्याबद्दल मला काहीही बोलायचं नाही. पण ज्यांना घातपात पटत नाही ते मृतांचे वैरी, इथपर्यंत गोष्ट गेली, की देशात एकत्र बसून श्रद्धांजली वाहायलाही जागा उरत नाही.

---

निवांत

@शाई, टीव्हीपीची दुसरी बाजूही लिहा ना. डिसेंबर २०२३ला टुस्क पंतप्रधान झाले आणि आठवडाभरात त्यांच्या संस्कृतिमंत्र्यांनी संचालक मंडळ काढून टाकलं, २० तारखेला वृत्तवाहिनी पडद्यावरून गायब. आठवड्याने कंपनी अवसायनात (बंद करण्याच्या प्रक्रियेत) काढली. नवा कायदा केला असता तर राष्ट्राध्यक्ष दुदांनी नकाराधिकार वापरला असता, म्हणून कायद्याला वळसा. हे केलं की चालतं का?

---

शाई

नाही चालत, आणि हेलसिंकी मानवी हक्क प्रतिष्ठानसारख्या पीसच्या कायम विरोधात उभ्या राहिलेल्या संस्थेनेही त्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता. मला त्यातली अडचण समजते. कुलूप चुकीच्या माणसाने बदललंय, किल्ली त्याच्याकडेच आहे, आणि घरात तर शिरायचंय. पण दार तोडलंत तर पुढच्यालाही तोडायला मोकळीक.

---

ओद्राकाठ

मी पोलंडमधल्या व्रोत्सवाफला असतो, गोदामात शिफ्ट सुपरवायझर. इथली भारतीय माणसं बघतात ते सांगतो.

ऑक्टोबर २०१५च्या प्रचारात काचिन्स्की म्हणाले होते की स्थलांतरितांबरोबर परजीवी जंतू येऊ शकतात. २०२३ला निवडणुकीच्याच दिवशी सार्वमत ठेवलं, त्यातला एक प्रश्न मध्यपूर्व-आफ्रिकेतले हजारो बेकायदा स्थलांतरित घ्यायचे का, असा. आणि याच आठ वर्षांत कामाचे परवाने मात्र विक्रमी संख्येने दिले: युक्रेन, नेपाळ, भारत, फिलिपाइन्स. जेवणाचे डबे पोचवणारी जी मुलं इथे सायकलवर दिसतात त्यात आपल्याकडची कितीतरी आहेत. नगर आणि जळगावची मुलं तर माझ्याच पाळीत आहेत. निवडणुकीच्या तोंडावर व्हिसाचा घोटाळा बाहेर आला, उपपरराष्ट्रमंत्री व्हावझिक यांना जावं लागलं. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून चित्रपटाच्या चमूच्या नावाखाली व्हिसे दिले गेल्याची बातमी इथल्या माध्यमांत गाजली.

मला दुटप्पीपणापेक्षा एक गोष्ट जास्त टोचते. कारखान्यांना माणसं हवी होती हे सरकारला माहीत होतं. ते लोकांना समोर बसवून सांगता आलं असतं. ते सांगितलं नाही, उलट भीती वाढवली. त्या भीतीचा त्रास सरकारला झाला नाही. रात्रपाळी संपवून ट्राममध्ये बसणाऱ्या माझ्या पोरांना होतो.

---

रंकाळा

मी कोल्हापूरचा, वय ७९. शाळेतून निवृत्त. धागा दोनदा वाचला.

आमच्या गावाजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथे आली. मी तेव्हा तान्हा. पण माझी आई सांगायची, की पोलिश बायका आठवडी बाजारात यायच्या, बोटांनी खुणा करून भाव करायच्या आणि पुढे पुढे मराठीत आकडे म्हणायला लागल्या होत्या. पुढे त्यांच्यातली मोठी झालेली मुलं म्हातारपणी जागा बघायला परत आली. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे.

म्हणून मला प्रश्न पडला. ज्यांच्या आयांना परक्या मुलखाने थारा दिला ते लोक निर्वासितांबद्दल असं बोलणाऱ्याला मत कसं देतात? विचारतोय, कुणाला दूषण देत नाही.

---

लालबागची

@रंकाळा काका, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आईंची आठवण लिहून ठेवा, इथेच ठेवा.

उत्तर सोपं नाही. याच पोलंडने, याच पीसच्या सरकारच्या काळात, फेब्रुवारी २०२२ नंतरच्या पहिल्या महिन्यात युक्रेनमधून आलेल्या वीस लाखांहून जास्त माणसांना सीमा उघडी ठेवली. मी तेव्हा परत आले होते. आजींनी फोनवर सांगितलं की बाहेरच्या खोलीत खारकीव्हची एक बाई आणि तिची दोन मुलं आहेत. आजींकडे खोल्याच दोन. भाषा येत नव्हती, स्वयंपाकघरात दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या म्हणे.

त्याच आजी बेलारूसच्या सीमेवर जंगलात अडकलेल्या इराकी-अफगाण माणसांबद्दल २०२१ला म्हणाल्या होत्या, "त्यांना कुणीतरी पाठवलंय." ते अर्धं खरंही होतं, बेलारूसचा सत्ताधीश लुकाशेन्को त्यांना मुद्दाम सीमेवर ढकलत होता. पण थंडीत मेलेली माणसं माणसंच होती. एकाच बाईच्या मनात दोन्ही होतं. मला वाटतं बहुतेकांच्या मनात दोन्ही असतं, आणि त्यातलं कुठलं पुढे आणायचं हे व्यासपीठावरचा माणूस ठरवतो. म्हणून मी आजींना दोष देत नाही आणि काचिन्स्कींना सोडत नाही.

---

कवडसा

शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही! ‘लोकानुनय’मध्ये नेता लोकांच्या मागे जातो. तुम्ही सांगता त्यात नेता लोक कोण हेच ठरवतो. अगदी उलटी दिशा. ‘लोकरंजन’ तर त्याहून लांब, त्यात नाटक-तमाशा आला. मी तरी यापुढे देवनागरीत ‘पॉप्युलिझम’च लिहीन आणि लोकानुनय हा शब्द वाटपासाठी ठेवीन.

---

आडवाटेचा

कवडसा यांच्याशी सहमत. लालबागची, माझं सगळं समाधान झालेलं नाही, पण ‘छापायचं नाही’ हा मुद्दा मान्य. माझ्या बाजूच्या सरकारने असं केलं तर मी काय म्हणेन, हे रात्री स्वतःला विचारून पाहिलं.

---

त्रिज्या

उशिरा वाचला. दोन गोष्टी.

एक, २०२३ला पीस हरला असं आपण म्हणतो, पण ३५.४ टक्के घेऊन तो पहिल्या क्रमांकावरच होता. ७४ टक्क्यांहून जास्त मतदान झालं, कम्युनिस्ट राजवट संपवणाऱ्या १९८९च्या निवडणुकीपेक्षाही जास्त, आणि तीन विरोधी आघाड्यांच्या मिळून २४८ जागा झाल्या म्हणून सरकार बदललं. १ जून २०२५ला पीसच्या पाठिंब्याचे कारोल नावरोत्स्की राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, ५०.९ विरुद्ध ४९.१. म्हणजे देश मधोमध उभा चिरलेला आहे.

दुसरी, न छापलेल्या त्या निकालाचं पुढे काय झालं? कधी छापलाच नाही का?

---

लालबागची

@त्रिज्या, आकडे बरोबर आहेत. नावरोत्स्की निवडून आले त्या रविवारी रात्री मी आजींना फोन केला होता. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मुलीच्या गावाला आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक बस जाते, एवढं मात्र आपणहून सांगितलं.

निकालाबद्दल. मार्च २०१६ मध्येच राझेम नावाच्या एका छोट्या डाव्या पक्षाच्या तरुणांनी पंतप्रधान कार्यालयाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने त्या निकालाचा मजकूर उमटवला होता. सरकार छापत नाही तर भिंतीवर वाचा, म्हणून. रस्त्यावरचे लोक थांबून वाचत होते. सरकारने तो राजपत्रात छापला जून २०१८ मध्ये, सव्वादोन वर्षांनी. न्यायाधिकरणात तोवर सरकारने नेमलेल्यांचं बहुमत झालं होतं. छापताना वर एक टीप घातली: हा निर्णय नियमांचा भंग करून दिलेला आहे आणि ज्या कायद्याबद्दल आहे तो कायदा आता अस्तित्वात नाही.